उजेडाची मुखत्यारी

माटुंग्याच्या ज्या इमारती पुनर्विकासाच्या फेऱ्यातून अद्याप वाचल्या आहेत, त्यांतील एखादे घर रिकामे करण्याचा प्रसंग आला, म्हणजे माळ्यावरच्या ट्रंकेतून किंवा गोदरेजच्या कपाटाच्या तळखणातून एक वस्तू हटकून निघते : शिवण उसवलेल्या तपकिरी चामडी म्यानातला, हातात घेताच अपेक्षेपेक्षा जड लागणारा जपानी कॅमेरा. घर तमिळांचे असो, कच्छ्यांचे असो, पारशी कॉलनीतले असो की रुईया कॉलेजात जन्म काढलेल्या एखाद्या मराठी प्राध्यापकाचे असो, त्यावरची नावे फारशी बदलत नाहीत. यशिका इलेक्ट्रो ३५, कॅनोनेट, मिनोल्टा हाय-मॅटिक, क्वचित कोनिका किंवा ऑलिंपस. घरातली तरुण मंडळी तो कुतूहलाने उलटसुलट करून पाहतात, डोळ्याला लावतात, ‘हा चालतो का?’ असे विचारतात, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारा मनुष्य बहुधा भिंतीवरच्या तसबिरीत जाऊन बसलेला असतो.

या जातीच्या कॅमेऱ्याची लक्षणे तीन. त्याचे भिंग कायमचे जडवलेले असते, ते काढून दुसरे बसवता येत नाही. त्याच्या कपाळावर दोन खिडक्या असतात, आणि त्यांच्या साहाय्याने समोरच्या माणसाचे अंतर मोजून भिंग नेमके लावता येते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे लक्षण असे की, चित्रफितीवर किती उजेड पडू द्यावा याचा निर्णय तो स्वतः घेतो. आजच्या वाचकाला या तिसऱ्या गोष्टीत काहीच नवल वाटणार नाही. परंतु एकेकाळी हा निर्णय एवढा अवघड मानला जाई की, त्यापायी छायाचित्रण हा विद्वानांचा, धंदेवाइकांचा आणि हौशी धनिकांचाच प्रांत होऊन बसला होता.

मुंबईला या विद्येचे वेड फार जुने आहे. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ आरंभीच्या काळातच या कलेत रमले. माटुंग्याच्या शेजारी, दादरला, ज्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित करून १९१३ मध्ये लोकांपुढे आणला, ते दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्यास छायाचित्रकाराचा व्यवसाय करीत असत. तथापि सामान्य गृहस्थाच्या वाट्याला छायाचित्र येई ते स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासमोर, मान ताठ धरून, वर्षा-दोन वर्षांतून एकदा. पुढे बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक ३ हा ठोकळेवजा कॅमेरा मध्यमवर्गाच्या घरात शिरला. एका रोलवर बारा चौकोनी चित्रे देणाऱ्या या साध्या यंत्राने सहली आणि वाढदिवस टिपण्याचे मोठेच काम केले. परंतु भर उन्हाबाहेर त्याची मात्रा चालत नसे. संध्याकाळ झाली, पावसाळी आभाळ आले किंवा बारसे घरातच झाले, म्हणजे रोल धुऊन आल्यावर हाती काळोखच येई.

याचे कारण समजण्यासाठी थोडा हिशेब पाहिला पाहिजे. चित्रफितीची उजेडाबद्दलची संवेदनक्षमता ठरलेली असते. ती रोलच्या डबीवर १०० किंवा ४०० अशा आकड्यात छापलेली असते. आत येणारा उजेड दोन ठिकाणी आवरता येतो : भिंगातल्या छिद्राचा आकार लहानमोठा करून, आणि शटर किती वेळ उघडे ठेवायचे ते ठरवून. स्वच्छ उन्हात छिद्र १६ वर ठेवावे आणि १०० च्या फितीला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग द्यावा, हा जुन्या जाणत्यांचा पाठ. पण ढग आला की तो आकडा बदलतो, सावलीत बदलतो, खोलीच्या खिडकीपाशी बदलतो, आणि खिडकीपासून चार पावले आत सरकले की पुन्हा बदलतो. माणसाचा डोळा या फरकांशी इतक्या चटकन जुळवून घेतो की, उजेड निम्म्याने उतरला हे त्याला कळतही नाही; चित्रफितीला मात्र असला समजूतदारपणा ठाऊक नसतो. सबब, ज्याला हा हिशेब तोंडपाठ होता किंवा ज्याच्या खिशात प्रकाशमापक होता, त्याचीच चित्रे भरवशाची निघत.

हा हिशेब यंत्रावर सोपवण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न १९३८ मध्ये अमेरिकेत कोडॅकने सुपर सिक्स-२० या कॅमेऱ्यात केला. त्याची किंमत २२५ डॉलर, म्हणजे त्या काळी सामान्य माणसाने नाव काढू नये इतकी होती, आणि तो जेमतेम काही शेकड्यांतच तयार झाला. खरी सुरुवात १९५९ मध्ये जर्मनीच्या आग्फा ऑप्टिमाने झाली. तिच्यात खटका अर्धा दाबला की हिरवी किंवा तांबडी खूण दिसे, हिरवी असेल तर पुढे दाबायचे, एवढीच कामगिरी माणसाकडे उरली. मग जपानी कारखानदार या क्षेत्रात उतरले, आणि त्यांनी ते जवळजवळ काबीजच केले. जानेवारी १९६१ मध्ये तोक्योत कॅनोनेट विक्रीस आला तेव्हा आठवडाभर पुरेल म्हणून ठेवलेला साठा दोन तासांत संपल्याचे सांगतात. १८,८०० येन या किमतीत तेजस्वी भिंग, अंतरमापक आणि स्वयंचलित प्रकाशनियंत्रण हे तिन्ही एकत्र मिळणे इतके अपूर्व होते की, इतर कंपन्यांनी तो घाट्यात विकून बाजार बिघडवल्याची हाकाटी केली.

पुढच्याच वर्षी अशा यंत्रांची थोरवी आकाशात सिद्ध झाली. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांनी ‘फ्रेंडशिप ७’ मधून पृथ्वीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, त्या वेळी त्यांच्याजवळ फ्लॉरिडातल्या कोको बीच येथील औषधांच्या दुकानातून सुमारे चाळीस डॉलरांस घेतलेला एक कॅमेरा होता. त्यावर नाव अ‍ॅन्स्को या अमेरिकन कंपनीचे, पण घडण मिनोल्टाच्या हाय-मॅटिकची. अंतराळवीराच्या जाड हातमोज्यात छिद्राची कडी फिरवत बसणे शक्य नव्हते, म्हणून हिशेब स्वतः करणारे यंत्र सोयीचे ठरले. तंत्रज्ञांनी त्याला पिस्तुलासारखी मूठ बसवली, आणि ग्लेन यांनी तो उलटा धरून वापरला. वैज्ञानिक मोहिमेच्या कोट्यवधींच्या सरंजामात कोपऱ्यावरच्या दुकानातली वस्तू अशी बिनदिक्कत शिरलेली पाहून मला मोठी मौज वाटते.

या पहिल्या पिढीच्या कॅमेऱ्यांत भिंगाभोवती मधमाशांच्या पोळ्यासारखे खळगे असलेले एक कडे दिसते. त्याच्या मागे सेलेनियमचा थर असतो. सेलेनियमवर उजेड पडला की त्यातून अल्पशी वीज निर्माण होते आणि तीच एक सुई हलवते. खटका दाबताना आतली दातेरी पट्टी त्या सुईला जागच्या जागी पकडते, आणि सुई जेथे पकडली गेली त्यावरून छिद्राचा आकार ठरतो. बाहेरच्या सेलची गरजच नाही. मात्र सेलेनियम अंधारात लवकर हतबल होते. म्हणून पुढे कॅडमियम सल्फाइड आले. ते स्वतः वीज निर्माण करीत नाही. उजेड वाढला की त्याचा विद्युत्-विरोध कमी होतो, इतकेच. त्याला सेल लागतो, पण मंद प्रकाशातही त्याची समज शाबूत राहते.

या दुसऱ्या पिढीचा मुकुटमणी म्हणजे १९६० च्या दशकाच्या मध्यावर आलेला यशिका इलेक्ट्रो ३५. त्याच्यात सुई नाही, दातेरी पट्टी नाही. वापरणाऱ्याने छिद्र निवडायचे. वेळ यंत्र ठरवते, आणि तोही चित्र घेता घेता. खटका दाबताच शटरची पाती उघडतात आणि एक विद्युत्-चुंबक त्यांना उघडी धरून ठेवतो. त्याच क्षणी कॅडमियम सल्फाइडच्या वाटेने एका कंडेन्सरमध्ये विद्युत्‌भार साठू लागतो. समोर ऊन असेल तर विरोध कमी, कंडेन्सर झटकन भरतो, चुंबक सुटतो आणि पाती मिटतात. समोर अंधारी खोली असेल तर तोच कंडेन्सर सावकाश भरतो, आणि पाती तीस सेकंदांपर्यंतही उघडी राहू शकतात. सेकंदाच्या पाचशेव्या भागापासून अर्ध्या मिनिटापर्यंतचा हा सारा मुलूख त्या चिमुकल्या सर्किटच्या अमलाखाली असतो, आणि मधल्या टप्प्यांना ठरावीक पायऱ्या नसल्यामुळे कोणताही वेळ त्याला वर्ज्य नाही. खटका हळूच अर्धा दाबला की पिवळा दिवा लागून ‘वेळ लांबेल, हात स्थिर ठेव’ अशी ताकीद देतो. तांबडा दिवा लागला तर उजेड फार झाला, छिद्र बारीक कर. शटरचा नेमका आकडा हा कॅमेरा कोठेच दाखवत नाही. पुष्कळ जाणकारांना हे खटकते. मला ते धोरण प्रामाणिक वाटते, कारण ज्या अधिकाराची मुखत्यारी एकदा रीतसर लिहून दिली त्याच्या दप्तरात रोज डोकावण्यात अर्थ नसतो.

पण अंतराची मुखत्यारी या कॅमेऱ्यांनी माणसाकडेच ठेवली, आणि त्यांचे खरे सौंदर्य मला येथेच दिसते. मोठ्या खिडकीतून पाहिले की दृश्याच्या मध्यभागी एक फिकट पिवळसर ठिपका दिसतो. त्या ठिपक्यात दुसऱ्या, लहान खिडकीतून आलेले प्रतिबिंब आरशांच्या योजनेने आणून टाकलेले असते. समोर बसलेल्या आजीचे नाक त्या ठिपक्यात दुहेरी दिसते. भिंगाची कडी फिरवू लागावे, तसतशी दोन नाके एकमेकांकडे सरकतात, आणि ती एकजीव झाली की आजी नेमक्या अंतरावर आल्या. यामागे शाळेतली त्रिकोणमितीच आहे. दोन खिडक्यांमधले अंतर हा त्रिकोणाचा पाया, आणि जवळची वस्तू असेल तर त्याचा शिरोकोन मोठा. हीच युक्ती तोफखान्यातील अंतरमापकांत वापरीत. भिंगाशी जोडलेला अंतरमापक १९१६ च्या एका कोडॅकमध्ये आला, १९३२ मध्ये लायका आणि कॉन्टॅक्स यांनी ती रीत रूढ केली, आणि जपानी कारखान्यांनी ती सामान्यांच्या खिशाला परवडेल अशी केली. व्ही.जे.टी.आय.च्या विद्यार्थ्याला त्या पेटीत काय चालले आहे ते चटकन उमजावे, इतका हा मामला सरळ आहे.

अर्थात मर्यादाही याच त्रिकोणाच्या. इलेक्ट्रोचे भिंग ८० सेंटिमीटरांहून जवळचे पाहत नाही, सबब रांगोळीच्या एका पाकळीचे चित्र घ्यायचे तर तो निरुपयोगी. दूरचे टिपणारे भिंग बसत नाही. दूरची व्यक्ती हवी तर आपणच चालत जायचे. आणि दृश्याची खिडकी भिंगापासून अलग असल्यामुळे, टोपण काढायचे विसरून अख्खा रोल काढल्याची हकिकत अनेक घराण्यांच्या इतिहासात नमूद आहे.

माटुंग्यात या यंत्राची परीक्षा कसकशी होते ते पाहण्याजोगे आहे. पाच बागांभोवतीच्या पर्जन्यवृक्षांखाली दुपारी ऊन आणि सावली यांची जाळी पडते. चेहऱ्यावर एक ठिपका लख्ख आणि शेजारचा काळसर. यंत्र त्यांची सरासरी काढते, आणि सरासरी ही कोणाच्याच चेहऱ्याची नसते. प्रकाशमापकाची मूळ समजूतच अशी की जगातले प्रत्येक दृश्य एकंदरीत मध्यम करडे आहे. लग्नमंडपात पांढऱ्या वेष्टीतली दहा माणसे ओळीने उभी राहिली की त्याला वाटते उजेड फार आहे. तो वेळ कापतो, वेष्टी करड्या होतात आणि चेहरे काळवंडतात. किंग्ज सर्कलला जी.एस.बी. सेवा मंडळाचा गणपती १९५५ पासून बसतो; सोन्याच्या अलंकारांनी मढलेली ती मूर्ती आणि भोवतीच्या दिव्यांचा लखलखाट यांच्यापुढे उत्तमोत्तम स्वयंचलित कॅमेराही गोंधळतो. दागिने झळकतात, हात जोडून उभा असलेला भक्त अंधारात जातो. यावर घरोघरच्या अनुभवी मंडळींनी शोधलेला तोडगा मात्र फार चतुर आहे. रोल १०० चा असला तरी संवेदनक्षमतेची तबकडी ५० वर लावायची, म्हणजे फीत मंद आहे अशी यंत्राची समजूत होते आणि ते दुप्पट उजेड देते. यंत्राला बरहुकूम वागायला लावायचे असेल, तर कधीकधी त्याच्यापुढे खोटा दाखला ठेवावा लागतो. कॅनोनेट ज्यांच्याकडे होता त्यांना दुसरीही सोय होती : खटका अर्धा दाबून सुई पकडून ठेवायची आणि मग चौकट बदलायची. इलेक्ट्रोत ती सोय नाही, कारण त्याचा हिशेबच मुळी शटर उघडल्यावर सुरू होतो.

एका ठिकाणी मात्र हे कॅमेरे मोठमोठ्यांना भारी ठरत. १९६३ मध्ये किंग्ज सर्कलजवळ षण्मुखानंद सभागृह उभे राहिले, आणि कर्नाटक संगीताच्या मैफलींना माटुंग्याच्या रसिकांची रीघ लागली. अशा जागी आरशाचा मोठा कॅमेरा ‘खाड्’ असा आवाज करतो आणि आलापीत रंगलेले शेजारी मान वळवून पाहतात. भिंगात बसवलेल्या पात्यांच्या शटरचा आवाज जिभेने टाळूला केलेल्या हलक्या टिचकीपेक्षा मोठा नसतो. शिवाय मंद उजेडातही तो पिवळा ठिपका स्पष्ट दिसतो, आणि एफ १.७ चे भिंग असल्यामुळे फ्लॅशवाचून काम भागते.

हे कॅमेरे घरात आले कसे, याची कैफियत बहुतेक ठिकाणी सारखीच असते. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर जे कडक निर्बंध आले, त्यांच्या अमलात परदेशी कॅमेरा ही चैनीची वस्तू ठरली. परवान्यावर आलेला माल थोडा आणि महाग. म्हणून बोटीवर नोकरी करणारा मामा, पूर्व आफ्रिकेतून परतणारे शेजारी आणि १९७० नंतर आखातात गेलेला थोरला भाऊ हेच खरे आयातदार. परदेशी जाताना आपला कॅमेरा बरोबर न्यायचा असेल तर जकात अंमलदाराकडून त्याचा क्रमांक पारपत्रावर नोंदवून घ्यावा लागे, अन्यथा परतताना स्वतःच्याच वस्तूवर जकात भरण्याची पाळी. ज्यांना मामा नव्हता ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्याची वाट धरीत. तेथल्या मालाची पावती कोणी मागत नसे आणि कोणी देतही नसे. रोलची तजवीज त्यामानाने सोपी होती. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ किंवा पूर्व जर्मनीचा ‘ओर्वो’ मिळे, आणि छत्तीस चित्रांचा रोल दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत पुरवला जाई.

या कारकिर्दीचा अंत झाला तो तिच्याच तर्काने. उजेडाचा निर्णय यंत्र घेते, तर अंतराचा का नको? १९७७ मध्ये कोनिका सी३५ एएफ आला आणि त्याने अंतरही आपण होऊन मोजले. ठिपका गेला, कडी गेली, आणि माणसाकडे खटका तेवढा उरला. काही वर्षांतच प्लास्टिकच्या देहाचे, मोटरने रोल गुंडाळणारे कॅमेरे सर्वत्र झाले. त्यांनी चित्रे अधिक आणि चुका कमी दिल्या, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही समोरच्या माणसाची दोन नाके एक करताना त्याच्याकडे जे निरखून पाहणे होई, ते त्या नव्या यंत्रांत राहिले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या अल्बमांतली माणसे मला पुढच्या रंगीत गठ्ठ्यांतल्या माणसांपेक्षा अधिक ओळखीची वाटतात, त्याचे निदान अर्धे श्रेय मी त्या ठिपक्याला देतो.

अलीकडे महाविद्यालयांतली मुले हे कॅमेरे पुन्हा शोधू लागली आहेत. २०१२ च्या ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ या चित्रपटात पीटर पार्करच्या गळ्यात इलेक्ट्रो दिसल्याचा त्यात किती वाटा आहे, देव जाणे. घरच्या माळ्यावर सापडला तर उत्तमच. विकत घ्यायचा असेल तर चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि फोर्टमधली बोरा बाजारची गल्ली या जुन्या जागा. परंतु चामड्याची चकाकी पाहून भुलू नये. प्रथम मागचे झाकण उघडून, शटर उघडे ठेवून, भिंगातून दिव्याकडे पाहावे; मुंबईच्या चार महिन्यांच्या दमटपणात बंद म्यानात राहिलेल्या भिंगावर बुरशीचे जाळे चढते, आणि ते काचेला एकदा खाऊ लागले की पुसून जात नाही. चामडी म्यान शोभेचे असले तरी बुरशीचे माहेरघर तेच. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा. सेलेनियमवाला कॅमेरा असेल तर सुई उन्हात हलते का ते पाहावे, कारण मेलेले सेलेनियम जिवंत होत नाही.

यशिका असेल तर आणखी दोन गोष्टी. तिचा मूळचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. अशा सेलांवर अमेरिकेत १९९६ मध्ये कायद्याने बंदी आली, युरोपातही आली. पण हे सर्किट सहा व्होल्टांना कुरकुरत नाही, सबब आजचा ४एलआर४४ हा लहान सेल कागदाच्या नळीत घालून, उरलेली जागा स्प्रिंगने भरून काढली की भागते. सेल घातल्यावर पाठीवरचे बटण दाबावे; हिरवा दिवा लागला पाहिजे. दुसरी गोष्ट कानाने तपासायची. रोल पुढे सरकवण्याची दांडी ओढताना शेवटाकडे आतून एक ठसठशीत ‘ठक्’ ऐकू येतो. तो आला नाही, तर आतली एक रबरी गादी विरघळून डांबरासारखी झाली आहे असे समजावे. मग सर्किटला आपला हिशेब कोठून सुरू करावा तेच कळत नाही आणि चित्रे पांढरीफटक निघतात. ही गादी बदलता येते, मात्र त्यासाठी वरचे झाकण उघडून पुष्कळ भाग सुटे करावे लागतात, आणि ते काम घरी पेचकस घेऊन बसणाऱ्याचे नव्हे. दुरुस्तीचा खर्च विचारूनच मग विक्रेत्याशी किमतीची घासाघीस करावी.